कोरड्या टाक्या

आमच्या दादाने आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं की त्याचं गणित चुकलं, आणि ती कबुली धडधडीत खोटी होती. त्या रविवारपासून मी जी सुन्न झाले आहे ती अजून ताळ्यावर आलेली नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घ्यायला गेले आणि उंचीच्या जागी रुंदी सांगून आले. माझं पडद्यांचं दुकान आहे. मापात चुकणारी बाई या धंद्यात फार काळ टिकत नाही. पण करते काय, हात दुकानात असतात आणि डोकं त्या कॉम्प्युटरसमोर अडकून बसलेलं असतं.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने काटकुळा, डोक्यावर केस नावापुरते आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्याचा धंदा काय हे सांगायची मला कायम चोरी. कोणी विचारलंच तर मी सांगते, लढाऊ जहाजांना तेल भरतो. समोरच्याच्या भुवया आदराने वर जातात. "अरे वा, म्हणजे बंदरावर असतात?" नाही हो, कॉम्प्युटरमध्ये. मग भुवया खाली येतात आणि बोलणं पडद्यांच्या कापडावर येतं.

त्याच्या कंपनीत दहा-बारा माणसं आहेत आणि ती मिळून एक गेम बनवतात. खेळणारा माणूस युद्धनौकेचा कप्तान होतो, समुद्रावर जातो, शत्रू शोधतो, गोळे डागतो, आणि बुडवतो नाहीतर बुडतो. बाकीच्यांच्या गेममध्ये जहाजं हवा खाऊन पळतात. यांच्या गेममध्ये तेल संपतं. कुठल्या जहाजात किती तेल मावतं, कुठल्या वेगाला ते किती खातं, आणि त्यावरून त्याचा पल्ला किती, म्हणजे एकदा टाक्या भरल्या की ते किती लांब जाऊ शकतं, हे ठरवणारा माणूस म्हणजे आमचा दादा. ऑफिसात सगळे त्याला काटा म्हणतात. तेलाच्या मापकावरचा काटा. समोर म्हणत नाहीत एवढंच, कारण तो टोचतोही तसाच.

छापलेला पल्ला म्हणजे नोकरीच्या अर्जात लिहिलेला अनुभव, असं त्याचं मत. टाकी काठोकाठ भरता येत नाही, तेल तापलं की फुगतं. तळातलं सगळं तेल पंपाला ओढता येत नाही. घरातला तेलाचा डबा कितीही उपडा धरला तरी थोडं आत चिकटून राहतंच की. वेगाचं तर विचारूच नका. वेग दुप्पट केला की तासाला जवळजवळ आठपट तेल जातं. हे सगळं मला जेवताना ऐकावं लागलेलं आहे, तेही वर्षानुवर्षं. आमचे हे त्याला भितात, कारण दादा घरी आला की आधी खाली जाऊन ह्यांच्या स्कूटरच्या टाकीत डोकावतो. अर्ध्याच्या खाली असली की ह्यांची शाळा घेतो.

गेमचं सगळं बघणारी एक मुलगी आहे, दादाच्या निम्म्या वयाची. दादा तिला मॅडम म्हणतो आणि ती त्याला काका म्हणते. लाटा, वारा, जहाजाचं डुलणं, कलणं हे तिचं खातं. मागे एकदा ती म्हणाली, "काका, खेळणाऱ्यांना तेलाचा कंटाळा येतो. काढून टाकू या का?" काका म्हणाले, "टाका ना. त्याबरोबर जहाजाला चाकं लावा आणि रस्त्यावर सोडा." मॅडमचा स्वभाव चांगला, तिने ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या कोणी त्याला दुसऱ्या दिवशी नारळ दिला असता.

हे वेड कुठून आलं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यावर कोणी बोलायचं नाही.

बाबा नौदलात होते, एका युद्धनौकेवर इंजिनखात्याचे प्रमुख. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी आईच्या पोटात होते तेव्हा त्यांचं जहाज लांबच्या गस्तीवरून परत येताना वादळात बुडालं. दादा तेव्हा शाळेत जात होता. त्याला बाबा आठवतात, त्यांच्या हाताचा वाससुद्धा आठवतो, आणि मला त्याचा आयुष्यभर हेवा वाटत आला आहे.

त्या जहाजावरचे तिघे जण वाचले. तिघेही वर डेकवर होते. त्यांनी सांगितलं की दिवे गेले, इंजिन बंद पडलं, जहाज आडवं झालं आणि पुढचं काही कळलं नाही. जहाज इतक्या खोल पाण्यात गेलं की कोणाला ते पुन्हा दिसलं नाही. चौकशी समितीने या तिघांच्या बोलण्यावरून निकाल दिला: तेल संपलं, म्हणून इंजिन बंद पडलं, म्हणून जहाज लाटांच्या तावडीत सापडलं. तेलाचा हिशेब कोणाकडे होता? बाबांकडे. ठपका त्यांच्यावर आला, आणि बुडालेला माणूस काही उत्तर द्यायला येत नाही.

नौदलाच्या वसाहतीतल्या ज्या बायकांचे नवरे त्याच जहाजावर होते, त्या आईला बघून रस्ता बदलायच्या. एकीने तिला जिन्यात गाठून विचारलं होतं, "तुमच्या नवऱ्याला साधं तेल मोजता येत नव्हतं का हो?" आई तेव्हा दिवस भरत आलेली होती. ती कठडा धरून वर चढून गेली. नंतर आम्ही ती वसाहत सोडली, गाव सोडलं, पण तो जिना आई बरोबर घेऊन आली. आता ती ऐंशीला टेकली आहे. मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले की हृदय थकलं आहे, जपा. आई गाडीत बसता बसता म्हणाली, "जपायचं काय त्यात. त्यांचा हिशेब बरोबर होता एवढं एक ऐकून जाऊ दे मला." दादा पुढे बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

मग त्याने बाबांचं जहाज गेममध्ये करायला घेतलं.

त्याच बनावटीची आणखी काही जहाजं होती. ती भंगारात गेल्यावर त्यांचे नकाशे सगळ्यांना बघायला खुले झाले होते. कुठली टाकी कुठे, केवढी, इंजिन किती खाणार, सगळं मिळालं. गस्तीचा मार्ग त्या निकालातच दिलेला होता. दादा जेवणाच्या ताटावर बोटाने टाक्या काढून दाखवायचा. सगळ्या तळाला, एकीला लागून एक. एवढा बोलका झालेला दादा मी कधी पाहिला नव्हता, आणि मला खरं तर त्याची धास्तीच वाटायला लागली होती.

मॅडमशी त्याचं वाजलं ते वजनावरून. तिच्या मांडणीत जहाजाचं वजन कायम तेवढंच असायचं. दादा हट्टाला पेटला की तेल जळेल तसं वजन उतरलं पाहिजे, आणि ज्या टाकीतलं तेल जळेल त्याच जागेवरून उतरलं पाहिजे.

"काका, एवढ्याशा फरकाने कोणाला काय कळणार आहे?" ती म्हणाली.

"मला कळणार आहे," दादा म्हणाला.

कारण उघड होतं. हलकं जहाज कमी तेल खातं. कमी खाल्लं की पल्ला वाढतो. थोडाच वाढतो, पण बाबांच्या वाट्याचा एक मैलही सोडायला तो तयार नव्हता. मॅडमने शेवटी ते करून दिलं, आणि मन लावून करून दिलं.

उरला होता पाण्याचा प्रश्न. तेल बरंच जळालं की रिकाम्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरायचं, असा जहाजांवर एक जुना नियम आहे. पण तेलाच्या टाकीत एकदा खारं पाणी शिरलं की त्यातलं उरलेलं तेल खराब होतं, आणि बंदरात आल्यावर टाक्या धुवायला चार-पाच दिवस मोडतात. तोवर इंजिनखात्याचा माणूस जहाजावरून हलू शकत नाही. त्यामुळे पुष्कळ जण ते पाणी जमेल तितकं टाळत. दादाने गेममध्ये पाणी भरायचं बटण ठेवलं होतं, टाक्या धुण्याचे दिवसही ठेवले होते, आणि खेळणारे त्यापायी त्याला लाखोली वाहत.

बाबा पाणी घ्यायचे की नाही, हे सांगू शकेल असं आता एकच माणूस उरलं होतं. दादा दुकानात आला तेव्हा आई नेहमीच्या जागी, मशीनमागच्या खुर्चीत बसून पडद्यांच्या खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे भरत होती. पडदा नीट पडावा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून खाली वजन घालतात. ते काम आईचं, माझ्या दुकानाच्या पहिल्या दिवसापासून.

"आई, बाबा टाक्यांत पाणी घ्यायचे का गं?"

आईने सुई थांबवली आणि मान ताठ केली. "त्यांच्या टाकीत पाणी? बाकीच्यांच्या टाक्या असायच्या ओल्या. यांच्या कोरड्या ठणठणीत."

"नक्की? शेवटच्या गस्तीतसुद्धा?"

"शेवटच्या गस्तीचं तर मी शपथेवर सांगते."

दादाचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. त्याच्या लेखी पाणी म्हणजे तेलाची नासाडी. पाणी घेतलंच नाही म्हणजे सगळं तेल शाबूत, आणि पल्ला पुरा. घरी बसलेल्या आईला समुद्रावरची गोष्ट शपथेवर कशी माहीत, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की कोण उलट विचारतं?

दोन आठवड्यांनी दादा पुन्हा दुकानात आला, भर दुपारी, ऑफिस सोडून. समोर गिऱ्हाईक होतं, त्याच्याकडे न बघता तो कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. ऑफिसात त्यांनी बाबांचं जहाज झटपट पद्धतीने चालवून पाहिलं होतं. त्या पद्धतीत समुद्र दिसत नाही, लाटा नसतात. वादळ म्हणजे फक्त एक आकडा, तेलाचा खर्च वाढवणारा. दादाने तो आकडा मुद्दाम सढळ हाताने धरला होता.

"पुरत होतं गं," तो म्हणाला. "बंदरात पोचून वर उरलं असतं."

आणि माझा तो खडूस भाऊ गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडायला लागला.  गिऱ्हाईक बिचारं नमुन्याचं कापड हातात धरून उभं, त्याला वाटलं भाव वाढल्याची बातमी आहे. मी दुकान लवकर बंद केलं.

आईला लगेच सांगू या, असं मी म्हटलं. पण दादाला ते नुसतं सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. लाटांसकट, वादळासकट, अख्खा प्रवास. मॅडमच्या नव्या लाटा त्याच आठवड्यात गेममध्ये बसत होत्या. ते मी आईच्या आधी बघणार नाही, म्हणाला. पहिल्यांदा तिच्याबरोबरच बघणार. एवढी एकच गोष्ट त्याने न तपासता केली असेल आयुष्यात.

तो रविवार. दादाने आपला कॉम्प्युटर आमच्या बाहेरच्या खोलीत आणून मांडला. काचेवर उजेड नको म्हणून मी पडदा ओढला. आईला उंच पाठीची खुर्ची दिली. तिने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. आमचे हे कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसले, सिनेमाला आल्यासारखे.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर करड्या रंगाचं जहाज आलं. आई पुढे वाकली.

"हेच?"

"हेच. असंच होतं."

"ते कुठे असतील यात?"

दादाने पाण्याला लागून असलेल्या भागावर बोट ठेवलं. "खाली. इथे, इंजिनापाशी."

त्यानंतर आईने दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही. तोफा, झेंडा, कप्तानाची जागा, हे सगळं आम्ही बघितलं. ती त्या बोटाच्या जागेकडे बघत बसली.

गेममध्ये वेळ पुढे पळवायचं एक बटण आहे. ते दाबलं की गस्तीचे दिवसच्या दिवस भराभर निघून जातात. खाली तेलाचा काटा हळूहळू उतरत होता आणि दादा दर थोड्या वेळाने सांगत होता, "बघ, एवढंच लागलं. बघ, अजून एवढं आहे." मग आभाळ काळं झालं आणि त्याने वेळ नेहमीच्या चालीवर आणली.

मॅडमच्या लाटा. काय सांगू. घराएवढ्या लाटा जहाजाच्या कुशीवर येत होत्या. जहाज एका अंगाला कलायचं, सरळ व्हायचं, दुसऱ्या अंगाला कलायचं.  बाबांची ही शेवटची वेळ मी कधी अशी डोळ्यांसमोर आणलीच नव्हती. माझ्यासाठी ते एक वाक्य होतं, वादळात गेले.

"काट्याकडे बघा," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "समिती म्हणते या जागी तेल संपलं. कुठे संपलं? आई, बघ. आहे तेल. भरपूर आहे. बाबांनी बरोबर मोजलं होतं."

आईने डोळे मिटले.  आमच्या ह्यांनी कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. तो एवढासा वेळ आमच्या घरात जे होतं ते मला बाटलीत भरून ठेवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

कारण पुढच्या लाटेला जहाज कललं ते सरळ व्हायला उशीर लागला. त्याच्या पुढच्या लाटेला आणखी उशीर. मग ते एका कुशीवर गेलं आणि तसंच राहिलं. वर यावं की नाही याचा विचार करत असल्यासारखं राहिलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात लाट आली आणि ते आडवं झालं. दिवे गेले. इंजिनाचा आवाज बंद पडला. आणि खाली तो काटा, तेल भरपूर आहे असं दाखवत, आपल्या जागी.

त्या तिघांनी सांगितलं होतं ते सगळं खरं होतं, फक्त क्रम उलटा होता. इंजिन बंद पडलं म्हणून जहाज आडवं झालं नाही. जहाज आडवं झालं म्हणून इंजिन बंद पडलं.

 आमच्या ह्यांचे हात टाळी वाजवायच्या बेतात हवेत तसेच. दादाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. पाण्याचा नियम त्याला पाठ होता, कशासाठी असतो तेही माहीत होतं. पण इतकी वर्षं त्याने जहाजाकडे एकाच बाजूने पाहिलं, तेल पुरतं की नाही. रिकामी टाकी म्हणजे हलकं जहाज, हलकं जहाज म्हणजे जास्त पल्ला. ते हलकं कुठून होतं, हे पाहायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

बोलली ती आई.

"खालचं वजन गेलं," ती म्हणाली.

शिसं न घातलेला पडदा वाऱ्यावर कसा उलटतो ते तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. 

आणि मग दादा बोलायला लागला. "आई, चुकलंय हे. गणित चुकलंय माझं. लाटा नव्या आहेत, नीट बसलेल्या नाहीत. वजन मी भलत्याच जागी धरलं. असं होतच नाही. सगळं चुकलंय." एका दमात. ज्या माणसाने शाळेतल्या मास्तरांपासून ऑफिसातल्या मॅडमपर्यंत कोणापुढे एक आकडा मागे घेतला नाही, तो आईच्या गुडघ्याशी बसून आपली सगळी अक्कल पाण्यात टाकत होता.  तो खोटं बोलतोय हे आमच्या ह्यांनासुद्धा कळलं.

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं नाही चुकत. तू त्यांचा मुलगा आहेस."

"आई..."

"मीच सांगितलं होतं त्यांना."

आम्हाला आधी कळेचना ती काय म्हणते आहे.

"जाताना म्हणाले, आल्यावर टाक्या धुण्यात चार-पाच दिवस जातील, तोवर तू बाळंत होशील. मी म्हटलं, मुळीच नाही. तुझ्या वेळी नव्हते ते, टाक्याच धूत होते. मी एकटी होते. म्हटलं, या वेळी काय वाट्टेल ते करा, पण टाक्या कोरड्या आणा आणि बोट लागली की त्याच दिवशी घरी या." तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात माप सांगते तसा. "दारात वचन घेतलं त्यांच्याकडून. हसले. म्हणाले, कोरड्या आणतो."

म्हणून ती शपथेवर सांगू शकत होती. इतकी वर्षं ती ते वचन जपून होती. आपल्यासाठी त्यांनी नियम बाजूला ठेवला, एवढी एकच कौतुकाची गोष्ट तिच्यापाशी होती, आणि ती आम्ही तिच्याच डोळ्यांसमोर आडवी केली. जिन्यातल्या त्या बाईला द्यायचं उत्तर तिला मिळालं होतं. हो, मोजता येत होतं. पण आता ते उत्तर घेऊन ती कुठे जाणार?

आणि मी. ज्या बाळंतपणाला ते पोचायला निघाले होते ते माझं.  मी भिंतीला धरून खाली बसले. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, तुझा दोष नाही, कोणाला माहीत होतं, असं काहीतरी.  ह्यांनी पाण्याचा पेला आणून दिला तो मी तसाच हातात धरून बसले.

 दादा कॉम्प्युटर बंद करायला उठला.

"थांब," आई म्हणाली. "पाणी भरायचं बटण आहे म्हणालास ना तू?"

"आहे."

"मग भर. आणि परत सोड त्यांना."

"आई, कशाला आता? नको," मी म्हटलं.

"सोड म्हटलं ना."

तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. दादाने जहाज पुन्हा गस्तीवर काढलं. दिवस पुढे पळवले, आभाळ काळं व्हायच्या आधी एकेका रिकाम्या टाकीत समुद्र घेतला. त्याने दोनदा चुकीची टाकी उघडली. तेलाचा काटा झपकन खाली आला, कारण त्या टाक्यांतलं उरलंसुरलं तेल वाया गेलं. दादाने ओठ चावले. मग वादळ आलं.

त्याच लाटा. जहाज कललं, जडपणाने कललं, आणि जडपणानेच सरळ झालं. पुन्हा कललं, पुन्हा सरळ. आई प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर किंचित कलत होती, हे मला बाजूने दिसत होतं.  कधीतरी पाऊस विरळ झाला, पाण्याचा रंग बदलला, आणि लांबवर किनाऱ्याची रेघ दिसली. टाक्यांमध्ये तेल जेमतेम होतं, पण होतं. जहाज धक्क्याला लागलं. इंजिन बंद झालं, या वेळी दादाने केलं म्हणून.

पडद्यावर ओळ उमटली की टाक्या धुण्याचं काम सुरू आहे, इंजिनखात्याला रजा नाही.

"किती दिवस लागतील?" आईने विचारलं.

"चार. फार तर पाच." दादा म्हणाला. त्याने वेळ पळवायच्या बटणाकडे हात नेला. "हे बघ, आत्ता संपवतो."

आईने त्याचा हात धरला आणि मांडीवर ठेवून घेतला.

"राहू दे. लागतील तेवढे लागू देत," ती म्हणाली. "मी थांबते."